लेन्स निवडण्याआधी अंतर मोजा

‘वन्यजीव फोटोग्राफीसाठी कोणती लेन्स घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी एक उलटा प्रश्न विचारतो. ज्या प्राण्याचा फोटो काढायचा आहे, तो तुमच्यापासून किती लांब असतो? पक्षी, हरणं, फुलपाखरं, आवड सगळ्यांना पटकन सांगता येते. अंतर मात्र बहुतेकांनी मोजलेलंच नसतं. लेन्सचा निम्मा निर्णय त्या अंतरावर होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

लेन्सवर ३००, ४००, ६०० असे मिलिमीटरचे आकडे असतात. ती त्या लेन्सची फोकल लेंथ. आकडा जितका मोठा, तितकी ती समोरच्या दृश्याची अरुंद फट पाहते आणि ती फट पूर्ण फ्रेमभर पसरवते. हे डोळ्यांसमोर आणायला एक सोपा हिशोब आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, ३६ मिलिमीटर रुंद असतो. प्राण्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्या, ३६ ने गुणा आणि फोकल लेंथने भागा. उत्तर येईल तितके मीटर रुंद दृश्य फ्रेममध्ये मावतं.

समजा अंतर ३० मीटर आहे. साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्समधून जवळपास २२ मीटर रुंद दृश्य दिसेल. त्यात हत्तीसुद्धा लहानच वाटेल. २०० च्या लेन्समधून साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे अख्खा हत्ती ऐसपैस मावेल. ६०० मधून फक्त १.८ मीटर, म्हणजे त्याच हत्तीचं डोकं आणि सोंडेचा थोडा भाग. हत्तीसाठी ६०० ची लेन्स घेऊन बसलेल्या माणसाला त्या दिवशी फक्त सुरकुत्या मिळतात.

आता छोटा खंड्या घेऊ. चोचीपासून शेपटीपर्यंत हा पक्षी साधारण १६ सेंटीमीटरचा. तो २० मीटरवर बसला असेल तर ६०० च्या फ्रेमची रुंदी होते १.२ मीटर. एवढी लांब लेन्स लावूनही पक्षी फ्रेमच्या रुंदीचा सातवा-आठवा भागच व्यापतो. फोटो कापून तो रुंदीच्या एक तृतीयांश करायचा म्हटलं, तर २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम चार मेगापिक्सेल हाती उरतात. तोच पक्षी ८ मीटरवर असेल तर फ्रेमची रुंदी ४८ सेंटीमीटर होते आणि काहीही न कापता तो एक तृतीयांश जागा भरतो.

हा हिशोब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा खरंच हादरलो होतो. ४०० वरून ६०० वर गेलं की पक्षी दीडपट मोठा दिसतो. बारा मीटरवरून आठ मीटरवर सरकलो, तरी तेवढाच दीडपट. म्हणजे ज्या चार मीटरसाठी मी नवी लेन्स शोधत होतो, ते चार मीटर आडोशामागे तासभर गप्प बसलो असतो तर पक्ष्यानेच कमी केले असते.

लांब लेन्स सहज मिळत नव्हत्या त्या काळात तर दुसरा मार्गच नव्हता. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या इंग्लिश भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्ष्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. पक्ष्यांजवळ पोचण्यासाठी त्यांनी बैलाचं कातडं चढवलेला पोकळ सांगाडा तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह लपून ते बसत.

याचा अर्थ प्राण्याच्या अंगावर जाऊन उभं राहायचं असा मुळीच नाही. प्राण्याने खाणं थांबवलं, मान ताठ केली, पक्षी घरट्याकडे परत येईना, तर आपण जास्त जवळ आलो आहोत आणि तिथून मागे सरायला हवं. लांब लेन्सचा माझ्या मते सगळ्यात मोलाचा उपयोग हाच की ती प्राण्याला त्याची जागा ठेवू देते. पण आपण मुळात कुठे बसलो आहोत, वारा कुठून वाहतोय, प्राणी कोणत्या वाटेने येतो, याचा विचार लेन्स आपल्यासाठी करत नाही.

क्रॉप सेन्सरची खरी गंमत

क्रॉप सेन्सर म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर. ‘माझ्या क्रॉप सेन्सरवर ३०० ची लेन्स ४५० ची होते’ हे वाक्य अर्धं खरं आहे. लेन्स ३०० चीच राहते आणि पक्ष्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमाही तेवढीच असते. सेन्सर लहान असल्यामुळे आजूबाजूचा भाग बाहेर राहतो आणि दृश्य ४५० च्या लेन्सइतकं अरुंद दिसतं. खरा फायदा होतो तो पक्ष्यावर किती पिक्सेल पडतात त्यात. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर काढलेला फोटो दीडपट कापला तर २० मेगापिक्सेल उरतात. म्हणजे २० मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्याने पक्ष्याचा जितका तपशील टिपला असता, साधारण तितकाच. पण फुल फ्रेम २४ मेगापिक्सेलचा असेल, तर तोच २० मेगापिक्सेलचा क्रॉप कॅमेरा पक्ष्यावर जवळपास दुप्पट पिक्सेल ठेवतो. म्हणून हातातल्या कॅमेऱ्याकडे न पाहता लेन्स ठरवू नये. मायक्रो फोर थर्ड्सच्या आणखी लहान सेन्सरवर तर ३०० ची लेन्स ६०० इतकं अरुंद दृश्य देते. त्या कॅमेऱ्यांसाठीची ३०० एफ ४ लेन्स सव्वा किलोच्या आसपास भरते. लांब पल्ल्याची पायपीट करणाऱ्यांनी हा पर्याय हसण्यावारी नेऊ नये.

एफच्या आकड्यात काय दडलंय

दुसरा आकडा अ‍ॅपर्चरचा: एफ २.८, एफ ४, एफ ६.३. हा खरं तर भागाकार आहे. फोकल लेंथला या आकड्याने भागलं की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. ६०० एफ ४ म्हणजे १५० मिलिमीटर, चांगल्या मोठ्या ताटलीएवढी काच. ६०० एफ ६.३ म्हणजे सुमारे ९५ मिलिमीटर. एका लेन्सला गाडीतली स्वतंत्र जागा का लागते आणि दुसरी पाठीवरच्या पिशवीत का मावते, ते या भागाकारातच दडलंय. सोनीची ६०० एफ ४ तीन किलोच्या थोडी वर आहे. निकॉनची ६०० एफ ६.३, ट्रायपॉडची कडी सोडून, १.४ किलोच्या आत आहे.

एवढं वजन आणि पैसा खर्चून मोठ्या काचेतून मिळतं काय? आधी प्रकाश. पहाटेची वेळ आहे, हरीण झाडाखालून चालतंय आणि तुम्हाला शटर स्पीड सेकंदाचा पाचशेवा भाग हवा आहे. एफ ४ वर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ३२०० ठेवून फोटो नीट उजळ येत असेल, तर एफ २.८ वर १६०० पुरेल आणि एफ ६.३ वर ८००० लागेल. बहुतेक प्राणी जागे आणि हलते असतात ते नेमके कमी उजेडात, त्यामुळे हा फरक वर्षभर जाणवतो. दुपारच्या लख्ख उन्हात तो जवळजवळ नाहीसा होतो.

मात्र दहा वर्षांपूर्वी हा फरक जितका जीवघेणा होता, तितका आता राहिलेला नाही. आयएसओ वाढल्यावर फोटोत उठणारे दाणे, म्हणजे नॉईज, कमी करणारी सॉफ्टवेअर खूप सुधारली आहेत. आणखी एक बदल ऑटोफोकसमध्ये झाला. आरशाच्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचं ऑटोफोकस साधारण एफ ५.६ किंवा फार तर एफ ८ पर्यंत भरवशाने चालायचं. आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे त्याच्या पुढेही फोकस करतात, म्हणून तर २०२० मध्ये कॅननने ६०० आणि ८०० च्या एफ ११ लेन्स बाजारात आणल्या. त्यांचं अ‍ॅपर्चर कायम एफ ११ वरच असतं. ६०० ची लेन्स एक किलोच्याही आत आहे. मोकळ्या, उजेडाच्या जागी पाणपक्षी टिपायचे असतील तर या लेन्स अगदी मनापासून सुचवाव्यात अशा आहेत. दाट जंगलातल्या पहाटेसाठी मी त्या सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट मागची धूसर पार्श्वभूमी. प्राणी फ्रेममध्ये तेवढ्याच आकाराचा ठेवला, तर लांबची पार्श्वभूमी किती विरघळेल हे मघाच्या व्यासावर ठरतं. १५० मिलिमीटर व्यासाची लेन्स ९५ पेक्षा जास्त विरघळवणार. पण पक्षी झुडपाला टेकून बसला असेल तर तीन किलोची काचही त्या काड्या पुसू शकत नाही. दोन पावलं बाजूला सरकून त्याच्यामागे मोकळं मैदान आणलं, किंवा जमिनीवरच्या पक्ष्यासाठी पोटावर झोपून त्याच्या डोळ्याच्या पातळीला आलात, तर एफ ६.३ वरही पार्श्वभूमी लोण्यासारखी होते.

शिवाय फार उघडं अ‍ॅपर्चर नेहमी वापरता येतंच असं नाही. ६०० एफ ४ ने १० मीटरवर फोकस केला तर फुल फ्रेमवर सहा-सात सेंटीमीटरची जाडीच तेवढी रेखीव येते. पक्षी तिरका बसला असेल तर डोळा स्वच्छ आणि शेपटी धुक्यात. मग एफ ८ वर यावं लागतं, आणि तिथे महागडी आणि साधी लेन्स यांच्यातलं अंतर बरंच कमी होतं.

झूम की प्राइम

पहिली लेन्स घेणाऱ्याला मी झूमच सांगतो. १००–४००, १००–५००, १५०–६०० किंवा २००–६००, यांपैकी तुमच्या कॅमेऱ्याला जी चांगली बसते ती. कारण अनुभवाचं आहे. माझ्याजवळ एका सकाळी फक्त ५०० ची प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंथची, झूम न होणारी लेन्स होती. गवतातून कोल्हीण बाहेर आली आणि वाऱ्याची दिशा माझ्या बाजूने असल्यामुळे थेट माझ्याकडे चालत राहिली. मागोमाग दोन पिल्लं. ती सहा मीटरवर येऊन थांबली तेव्हा माझ्या फ्रेमची रुंदी होती ४३ सेंटीमीटर. तिचं डोकं आणि खांदा मावला. पिल्लं तिच्या पोटाशी येऊन उभी राहिली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. फोटोत त्यांतलं काहीच नाही. १०० पर्यंत मागे येणारी झूम असती तर तिथे दोन मीटरहून रुंद फ्रेम मिळाली असती.

प्राइमची बाजूही खरी आहे. एकाच फोकल लेंथसाठी घडवलेली असल्यामुळे ती तेवढ्याच वजनात जास्त उघडी किंवा तेवढ्याच अ‍ॅपर्चरला हलकी करता येते, आणि कोपऱ्यापर्यंत रेखीव असते. फेज फ्रेनेल किंवा डिफ्रॅक्टिव्ह ऑप्टिक्स या नावांनी मिळणाऱ्या प्राइममध्ये एका खास घटकामुळे लेन्स आखूड आणि हलकी होते. निकॉनची २०१५ ची ३०० एफ ४ तर पाऊण किलोची आहे. प्रखर उजेड समोरून येत असेल तर अशा लेन्समध्ये दिव्याभोवती कडी किंवा तवंग दिसू शकतो, तेवढं लक्षात ठेवायचं. ज्याचा विषय ठरलेला आहे, म्हणजे बारा महिने पक्षीच, तेही लहान, त्याने झूमच्या टोकाचे फोटो मोजावेत. जवळजवळ सगळे ६०० वरच काढलेले असतील तर प्राइमचा विचार करण्याची वेळ झाली.

झूममध्ये दोन प्रकार असतात. काही फिरवल्यावर लांब होतात, काही बाहेरून तेवढ्याच राहतात. लांब होणाऱ्या लेन्स पिशवीत सोयीच्या. न वाढणाऱ्या ट्रायपॉडवर सोयीच्या, कारण त्यांचा तोल ढळत नाही.

टेलिकन्व्हर्टर हा छोटा काचेचा तुकडा कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसतो. १.४ पटीचा एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश खातो, २ पटीचा दोन स्टॉप. ६०० एफ ४ ला १.४ चा लावला की ८४० एफ ५.६ होते, आणि हे चांगलं चालतं. एफ ६.३ च्या झूमला २ चा लावला तर एफ १३ होते. पहाटे तिथे काहीच उरत नाही. टेलिकन्व्हर्टर प्रतिमेसोबत लेन्सचे दोषही मोठे करतो, म्हणून तो मुळात रेखीव असलेल्या प्राइमवरच शोभतो. तुमच्या लेन्सला तो बसतो का, हे घेण्याआधी बघा. सगळ्या लेन्सना तो लागत नाही. सोनीच्या कॅमेऱ्यांवर इतर कंपन्यांच्या लेन्स वापरल्या तर सोनीचा टेलिकन्व्हर्टर चालत नाही आणि सलग फोटोंचा वेगही सेकंदाला १५ पुढे जात नाही.

हलणारा हात, हलणारा प्राणी

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हा गैरसमजांचा मोठा साठा आहे. ते तुमच्या हाताचं कंपन सावरतं. प्राण्याची हालचाल थांबवणं त्याच्या हातात नाही. स्थिर बसलेल्या घुबडाचा फोटो त्याच्या जोरावर सेकंदाच्या साठाव्या भागातही येऊ शकतो. चालणाऱ्या प्राण्याला मी पाचशेवा भाग किमान मानतो, उडणाऱ्या पक्ष्याला दोन हजारावा किंवा त्याहून वेगवान. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा परत आणता येत नाही. म्हणून आयएसओ वाढवायला घाबरू नका.

उडत्या पक्ष्यांसाठी रेखीवपणाच्याही आधी ऑटोफोकसचा वेग बघावा. लेन्सवर फोकस लिमिटर नावाचं छोटं बटण असेल तर ते वापरायची सवय लावा. जवळच्या अंतरांवर शोधायचं नाही असं लेन्सला सांगितलं की पक्षी सुटल्यावर ती पार नाकापर्यंत येऊन परत जाण्यात वेळ घालवत नाही.

वजनाबद्दल लोक दुकानात विचार करतात तो चुकीच्या पद्धतीने. तीन किलो उचलता येतात का, हा प्रश्नच नाही, ते कुणालाही उचलता येतात. पाऊण तासाने, दंड भरून आल्यावर, अचानक डोक्यावरून ससाणा गेला तर ती लेन्स डोळ्यापर्यंत किती वेळात येते, हा प्रश्न आहे. गाडीच्या खिडकीतून काम असेल तर धान्य भरलेली कापडी पिशवी, म्हणजे बीनबॅग, वजनाची अडचण जवळजवळ संपवते. लपणाच्या जागेत ट्रायपॉड. पायी फिरत असाल तर एका पायाचा मोनोपॉड, किंवा सरळ दोन किलोच्या आतली लेन्स.

एक गोष्ट कोणतीही लेन्स सुधारू शकत नाही: तापलेली हवा. ऊन चढल्यावर जमिनीवरून गरम हवेच्या लाटा उठतात आणि लांबच्या प्राण्याच्या कडा थरथरत्या येतात. नव्या लेन्सचे असे फोटो पाहून कितीतरी जण लेन्स बिघडलेली आहे असं समजतात. तीच लेन्स त्याच प्राण्यावर सूर्य वर येण्याआधी लावून पाहा. थंडीत गरम गाडीच्या खिडकीतून फोटो काढतानाही हेच होतं. आतली गरम हवा लेन्ससमोरूनच बाहेर जात असते.

लांब लेन्सशिवायचं जंगल

फुलपाखरं, चतुर, बेडूक, सरडे यांच्यासाठी प्रश्न उलटा होतो: लेन्स किती जवळ फोकस करते? मोठ्या ६०० एफ ४ लेन्स चार मीटरच्या अलीकडे फोकसच करत नाहीत. कॅननची १००–५०० मात्र ५०० वर १.२ मीटरपर्यंत येते आणि विषयाचा एक तृतीयांश आकार सेन्सरवर उमटवते. फुलपाखरू न उडवता टिपायला असा पल्ला फार कामाचा. त्याच्या पंखावरचे खवले हवे असतील तर १०० च्या आसपासची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स घ्यावी.

आणि साधी २४–७० किंवा ७०–२०० घरी ठेवून निघू नका. नदीकाठच्या धुक्यात ठिपक्याएवढा कळप, वठलेल्या झाडावर बसलेली गिधाडांची रांग, अशा फोटोत प्राणी लहान असतो पण तो कुठे जगतो ते कळतं. माणूस जवळ नसताना कॅमेराच प्राण्याजवळ ठेवण्याची रीत तर फार जुनी. अमेरिकी वन्यजीव छायाचित्रकार जॉर्ज शिरास यांनी प्राण्याच्या पायात अडकून शटर सोडणाऱ्या तारा आणि रात्रीचा फ्लॅश वापरून काढलेले फोटो नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने जुलै १९०६ मध्ये छापले होते. आजचे कॅमेरा ट्रॅपही बहुधा रुंद लेन्सवरच चालतात.

खरेदीआधी दोन कामं करा. आपल्या जुन्या फोटोंमधले सगळ्यात आवडते पन्नास काढा आणि प्रत्येक कोणत्या फोकल लेंथवर, कोणत्या आयएसओवर घेतला ते संगणकात पाहा. वरचा हिशोब उलटा लावला तर प्राणी किती लांब होता तेही अंदाजाने कळेल. मग मनात असलेली लेन्स दोन दिवस भाड्याने आणा आणि नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, उजाडण्याआधी जाऊन बसा. पक्षी येईल अशी एक फांदी निवडा. तो दरवेळी उडाला तेव्हा लेन्स डोळ्याला होती की मांडीवर, एवढंच वहीत लिहून ठेवा.